चांद्याचा पहिला गिअर

खरं सांगायचं तर चांद्याला हात लावायचा बडेबाबूंचा मुळीच विचार नव्हता. विचार शेजारच्या प्रभाकरचा होता. हात तेवढा बडेबाबूंचा.

चांद्या म्हणजे बैल नव्हे. एके काळी होता. बोरखेडीच्या रामाजीच्या गोठ्यातल्या शेवटच्या जोडीतला तो डावा बैल, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. तो गेला त्याच महिन्यात गोठ्यात एक जुनी पिकअप येऊन उभी राहिली. तिच्या एका दिव्याची काच पांढरी आणि दुसऱ्याची पिवळी, तेव्हा नाव आयतंच तयार होतं. पुढं रामाजीही गेला. आता संत्र्याचा बगीचा त्याची बायको यमुनाबाई पाहते, चांद्याही तीच चालवते, आणि साठीला टेकलेली ती बाई सौंसरच्या बाजारात पिकअप अशी वळवते की पोलीस शिट्टी तोंडातून काढून पाहत राहतो.

यमुनाबाई म्हणजे बडेबाबूंची धाकटी बहीण. आणि बडेबाबू म्हणजे मोरेश्वर खोडे, तहसीलीतून बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त. निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात त्यांना मोरेश्वर म्हणणारं कुणी उरलेलं नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत या माणसाच्या हातून एकही चूक झाली नाही, कारण छत्तीस वर्षांत त्यांनी वरच्या साहेबाला विचारल्याशिवाय एकही गोष्ट केली नाही. भीती हा त्यांचा स्वभाव नव्हता, ती त्यांची कार्यपद्धती होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते; तिचे दगड आपल्या गल्लीपर्यंत येत नाहीत हे ठाऊक असूनही ते दरवर्षी पोळ्यालाच बहिणीकडं बोरखेडीला जाऊन बसत आणि तिसऱ्या दिवशी परतत.

यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी यमुनाबाई चांद्याला घेऊन पांढुर्ण्यात आली. लेकीचं बाळंतपण इटारसीला होतं. चांद्या भावाच्या अंगणात उभा केला, चावी भावाच्या हातात दिली आणि स्टेशनावर जाता जाता म्हणाली, "भाऊ, याले हात नोको लावजो. पोळ्याच्या आधी मी येईन अन् मीच नेईन."

"मी कायले हात लावतो?" बडेबाबू म्हणाले. आणि ते खरंच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकर भिंतीवरून वाकला. हा रेल्वेतून निवृत्त झालेला, आणि त्याच्याकडं सल्ल्यांचा साठा असा की मागणी नसली तरी माल निघायचाच.

"बडेबाबू, गाडी अशीच उभी ठेवून राहिले का? बॅटरी बसून जाईन ना! रोज सकाळी इंजन चालू करा, अन् हातभर मागं, हातभर पुढं. आमच्या रेल्वेत असं इंजन उभं ठेवलं तर चार्जशीट भेटते."

बॅटरी बसली असती तर बडेबाबूंनी ते सोसलं असतं. पण चार्जशीट हा शब्द ऐकला की ते अजूनही उठून उभे राहतात. लायसन त्यांच्याकडं होतं, निवडणुकीच्या कामासाठी एका तहसीलदारानं जबरदस्तीनं काढायला लावलेलं. ते खिशात घालून, देवाला नमस्कार करून, साडेसात वाजता ते चांद्यात बसले. हातभर मागं जमलं. आणि मागं जाणारी गाडी थांबायच्या आतच, क्लचवरचा पाय अर्धा उचललेला असताना, त्यांनी पुढचा गिअर टाकला.

आवाज कसा झाला? लोखंडी कपाटात खलबत्ता ठेवून ते कपाट जिन्यावरून ढकललं तर जसा होईल तसा. मग एकदम शांत. गिअरचा दांडा वरणातल्या पळीसारखा चहूकडं फिरू लागला, आणि कुठंही फिरवला तरी चांद्या जागचा हलेना.

"झालं का मागं-पुढं?" प्रभाकरनं भिंतीवरून विचारलं.

घरात अलकाबाईंनी, म्हणजे बडेबाबूंच्या पत्नीनं, सगळं ऐकलं होतं. त्यांनी एकच धोरण जाहीर केलं. "मी आपून होऊन ताईले सांगत नाई. पन ताईनं इचारलं तर खोटं बोलाची नाई." अशा साक्षीदारासोबत एका घरात राहणं काय असतं, ते ज्याला राहावं लागतं त्यालाच कळतं.

आता इथं बोरखेडीच्या पोळ्याबद्दल सांगितल्याशिवाय बडेबाबूंच्या त्या रात्रीच्या तापाचं कारण समजणार नाही.

बोरखेडीत आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, तोरण लागतं आणि त्याखालून पहिली जोडी निघते ती रामाजीच्या घरची. हा मान. पूर्वी तो त्याच गावातल्या अनिलरावांच्या घरी होता. पण गावाचा नियम असा की तोरणासमोर उभी राहिलेली मानाची जोडी मागं सरता कामा नये. बैलाच्या मागच्या पायामागं बोटभर अंतर सोडून एक लिंबू ठेवतात. लिंबू फुटलं की मान गेला, तो थेट मागच्या जोडीच्या घरी. अनिलरावांच्या आजोबांचा बैल फटाक्याला बिचकला, लिंबू फुटलं, आणि मान रामाजीच्या आजोबांकडं आला. तेव्हापासून तीन पिढ्या अनिलरावांचं घर बरोब्बर मागं दुसऱ्या नंबरावर जोडी उभी करून वाट पाहत आहे. रामाजी गेल्यावर यमुनाबाईनं जोडीऐवजी चांद्याला आणायचं म्हटलं, तेव्हा अनिलरावांनी गावसभेत सुनावलं होतं, "बैलाले चार पाय असते वैनी!"

"याले चार चाकं हायेत," यमुनाबाई म्हणाली, "अन् पाचवं मांगं टांगलं हाये. तुमच्या बैलाजवळ हाये का?"

तर तो चांद्या. पोळ्याला सहा दिवस, आणि त्याच्या पोटात गिअर नाही.

सावरगावहून वैभव मिस्त्री आला. गाडीखाली शिरला. अर्ध्या तासानं बाहेर आला आणि त्यानं मूठ उघडली. तळहातावर पाच लोखंडी दात. बडेबाबूंनी ते कागदात गुंडाळून, वर तारीख घालून, ट्रंकेत ठेवले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुरावा नष्ट करायची हिंमत नव्हती, एवढंच.

"पैला-दुसरा दोन्ही गेले," वैभव म्हणाला. "डब्बाच बदलवा लागन. जुना काढाचा, दुसरा टाकाचा."

"कुणाच्या परवानगीनं?"

वैभवनं बारा वर्षांत शे-दीडशे गिअरबॉक्स बदलले होते. हा प्रश्न त्यानं पहिल्यांदाच ऐकला. "माह्या," तो म्हणाला.

बडेबाबूंना ते पुरेसं वाटलं नाही. गाडीच्या पुस्तकात इंजिनाचा नंबर असतो, चेसीसचा असतो. मग गिअरबॉक्स काय अनाथ आहे? उद्या कुणी विचारलं, की हा डब्बा कुणाचा, कुठून आणला, मूळ डब्बा कुठं गेला? एका रात्रीत त्यांना स्वतःला बेड्या घालून पांढुर्ण्याच्या बाजारातून नेताना तीनदा दिसलं. तिसऱ्या वेळी तर मागून यमुनाबाई चालत होती, आणि तिच्या हातात लिंबू होतं.

सकाळी त्यांनी अर्ज लिहिला. तीन प्रती, हिंदीत, सुंदर अक्षरात. विषय: वाहन का गियरबॉक्स बदलने की अनुमति बाबत.

पांढुर्णा जिल्हा नवा. खाती अजून टेबलखुर्च्या लावत असलेली. गाड्यांचे कागद ज्या खोलीत घेत, तिथं शिवानी मॅडम नावाची एक तरुण बाबू बसली होती. तिनं अर्ज दोनदा वाचला.

"काका, हे काय आहे?"

"अर्ज."

"ते दिसून राहिलं. पण गिअरबॉक्स बदलाले कोणी विचारत नसते काका. बदलवून टाका ना!"

ही बाई देवमाणूस होती. तिचं ऐकून बडेबाबू उठले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण त्यांच्या तोंडून छत्तीस वर्षांची सवय बोलली. "परवानगी लागत नाही, हे तुम्ही मला लेखी देता का?"

शिवानी मॅडमचा चेहरा बदलला. परवानगी लागत नाही असं लेखी द्यायला तिलाही परवानगी लागत होती. तिनं शिक्का घेतला आणि अर्जावर मारला. "आता आवक नंबर पडला काका. म्हणजे जवाब द्याच लागन. गाडी यमुनाबाईच्या नावानं हाये, तर चिठ्ठी त्याइलेच जाईन."

"मी अर्ज परत घेतो!" बडेबाबू जवळजवळ ओरडले.

"घ्या ना. अर्ज परत घेण्याचा अर्ज द्या. पण तोही आवक होईन. मंग दोन चिठ्ठ्या जातीन."

हे वाक्य बडेबाबूंनी ओळखलं. याच सुरात, असंच चहाच्या कपाकडं पाहत, ते स्वतः छत्तीस वर्षं हेच बोलत आले होते. आपलंच भूत आपल्याला समोर बसून चहा पिताना दिसावं, तसं त्यांना झालं. ते मागं न बघता बाहेर पडले.

गिअरबॉक्स सौंसरच्या कबाड्याकडं मिळाला. त्याच कंपनीचा, पण पुढच्या सालचा, चारऐवजी पाच गिअरचा. वैभवनं दोन दिवस ठोकून-पिटून तो बसवला, आणि शेवटी बडेबाबूंना सीटवर बसवून म्हणाला, "आता ध्यानात ठेवा. जुन्यात जिथं पैला होता, डाव्या हाताले वर, तिथं आता रिव्हर्स हाये. पैला त्याच्या खाली. दुसरा-तिसरा मधात, चौथा-पाचवा उजव्या बाजूनं. अन् हा वरचा नॉब बदलवून देऊ का? याच्यावरचे आकडे आता चूक झाले."

"नको!" बडेबाबू म्हणाले.

कारण तो नॉब रामाजीनं संत्र्याच्या लाकडाचा स्वतः घडवला होता, आणि तापल्या खिळ्यानं त्यावर एक ते चार आकडे डागले होते. चांद्यात बसल्याबरोबर यमुनाबाईचा हात आधी त्यावर जातो. तो नॉब गेला की सगळंच उघडं पडणार. बाहेरून काहीही बदललेलं दिसता कामा नये.

"मंग आकडे वाचू नका," वैभव म्हणाला. "वर एक लिहिलं हाये तिथं मांगंच जाईन."

जन्मभर बडेबाबूंनी लिहिलेल्यावर विश्वास ठेवला होता. आता ज्यावर एक लिहिलं आहे तो एक नाही, हे लक्षात ठेवायचं म्हणजे खोट्या दस्तऐवजावर रोज बसून प्रवास करायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी यमुनाबाई पांढुर्ण्याला उतरणार, चांद्याला हात लावणार आणि अंगणातच भिंत पाडणार, हे दिसत होतं. म्हणून बडेबाबूंनी फोनवर सांगितलं, "तू बसनं परस्पर बोरखेडीला ये. चांद्याला मी पुढं आणून ठेवतो."

"तू?" यमुनाबाई इतकंच म्हणाली. पण त्या एका अक्षरात मोठाच अविश्वास होता.

पांढुर्णा ते बोरखेडी तीसेक किलोमीटर. पैकी पहिल्या किलोमीटरलाच, पोळ्याच्या बाजारात, पुढं बैल आडवा आला म्हणून बडेबाबू थांबले. निघताना नजर नॉबवर गेली. तिथं स्पष्ट लिहिलं होतं: एक. आणि लिहिलेलं नाकारायची हिंमत त्या क्षणी झाली नाही. चांद्या झपकन मागं गेला आणि झुली, बेगड, रंगीत गोंडे विकणाऱ्या एका दुकानाच्या बांबूला टेकला. लोक ओरडले. बडेबाबूंनी घाबरून खाली पहिला टाकला आणि जे सुटले ते सुटले. आरशात पाहिलं तर एक माणूस मोटारसायकलवर मागं लागलेला, हात उंच करून ओरडत असलेला.

थांबणं शक्य नव्हतं. एकतर मार खायची भीती, आणि त्याहून मोठी भीती ही, की थांबलं की पुन्हा निघावं लागेल. माणूस शेजारी आला की बडेबाबू वेग वाढवत. चांद्या खोकायला लागला की कमी करत. एकदा त्या माणसानं खिडकीशी येऊन काहीतरी विचारलं, तेव्हा समोरची नजर न हलवता बडेबाबूंनी लायसन काढून बाहेर धरलं. ते वाऱ्यानं उडून कपाशीत गेलं. सौंसरचा फाटा जवळ आला तेव्हा चांद्याच आपणहून बंद पडला. बडेबाबूंनी काचा वर केल्या आणि डोळे मिटले.

काचेवर टकटक झाली. "बावाजी," तो माणूस धापा टाकत म्हणाला, "मांगच्या फाळक्याले माहे सारे गोंडे अटकून आले. गोंडे नेता त नेता, संगं घंट्याबी न्या ना! मी जोडीनंच विकत असतो."

अशा रीतीनं चांद्या बोरखेडीत शिरला तो मागं लाल-हिरवे गोंडे लटकवून, घंट्या वाजवत. गावाला वाटलं, बडेबाबूंना यंदा हौस आली.

संध्याकाळी यमुनाबाई आली. बैलांची खांदमळणी करतात तशी तिनं चांद्याचीही केली, पुढच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्याला लोणी-हळद चोळली आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं रीतसर आवतण दिलं. हात फिरवता फिरवता म्हणाली, "अवं, गोंडे आणले भाऊनं! मी उगाचच तुले भ्याड म्हनतो." बडेबाबू दोन पावलं पुढं आले. आता सांगावं. हीच वेळ.

तेवढ्यात पोस्टमन आला.

सरकारी कागद पाच दिवसांत कुठंही पोचत नाही. पण ज्याची भीती असते तो पोचतो. यमुनाबाईनं हळदीच्या बोटांनी पाकीट घेतलं आणि न उघडता भावाकडं दिलं. ती शिकलेली होती, सही करायची; पण सरकारी कागद आला की तो भावानं वाचायचा, हा तिचा नियम. बडेबाबूंनी उघडलं. कुणा मोरेश्वर खोडे यांनी आपल्या गाडीचा गिअरबॉक्स बदलण्याबाबत अर्ज केला आहे. वाहन स्वामिनी की सहमति है अथवा नहीं, तीन प्रतियों में सूचित करें.

"काय हाये?"

"टॅक्सचं," बडेबाबू म्हणाले. "काही नाही. मी पाहून घेतो."

"तू पाह्यलं म्हंजे झालं," यमुनाबाई म्हणाली आणि पुरणाची डाळ बघायला आत गेली.

त्या रात्री बडेबाबू जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले. हातात सरकारी कागद धरून त्यावर नसलेलं वाचण्याची ही त्यांच्या आयुष्यातली पहिली वेळ होती.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता आखरावर तोरणासमोर चांद्या उभा. बॉनेटवर झूल, आरशांना बेगड, दोन दिव्यांना दोन हार. मागच्या उजव्या चाकामागं बोटभर अंतर सोडून लिंबू. त्याच्यामागं अनिलरावांची खिल्लारी जोडी, आणि त्यांच्यामागं चाळीस जोड्या, त्यांच्या पुढंमागं पोरंबाळं. यमुनाबाई नवं लुगडं नेसून स्टिअरिंगवर. तिच्या डावीकडं मांडीवर नारळ घेऊन बडेबाबू.

बडेबाबू हिशेब करत होते. तिनं सवयीनं डावीकडं वर टाकला, की लिंबू फुटणार. तीन पिढ्यांचा मान जाणार. तेही एक वेळ सोसलं असतं. पण लिंबावर गाडी थांबणार नाही. मागं बैलाच्या गळ्याशी अनिलरावांचा गडी उभा होता, दोन पोरी झुलीचे गोंडे मोजत होत्या. बोलावं, तर या सगळ्यांसमोर आपलं काय राहील? न बोलावं, तर... न बोलावं याच्या पुढचं त्यांना दिसेचना.

झडत्या, म्हणजे पोळ्याची ती खोचक कवनं, संपल्या. ढोल थांबला. म्हाताऱ्या पाटलांनी तोरणाची दोरी हातात घेतली. आखरावर चिटपाखरू बोलेना. यमुनाबाईनं क्लच दाबला आणि तिचा हात नॉबवर आला. नॉब बडेबाबूंच्या गुडघ्याकडं, डावीकडं सरकला. आता वर.

बडेबाबूंनी तिच्या हातावर हात दाबून धरला. "यमे, तिथं मागं आहे!"

"काय मांगं हाये?"

आवाज खाली ठेवायला हवा होता, हे त्यांना नंतर सुचलं. पण भ्यालेल्या माणसाचा आवाज त्याच्या हातात नसतो, आणि त्या शांततेत चाळीस जोड्यांच्या शेवटच्या टोकापर्यंत सगळं ऐकू गेलं. बडेबाबूंना बोलायची एकच पद्धत येत होती. "एक: तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता मी गाडीला हात लावला. दोन: पाच दात पडले, ते माझ्या ट्रंकेत आहेत. तीन: गिअरबॉक्स दुसरा आहे, आणि नॉबवर जिथं एक लिहिलंय तिथं रिव्हर्स आहे."

यमुनाबाई समोर तोरणाकडं पाहत होती. "अन् चार?"

"चार..." बडेबाबूंचा नारळ मांडीवरून खाली गेला. "चार: कालचा कागद टॅक्सचा नव्हता."

तेव्हा तिनं मान वळवली. दातांचं ऐकून नाही, डब्ब्याचं ऐकून नाही, हे ऐकून वळवली. "भाऊ, हे गेले तवाचे वारसाचे कागद, बगीच्याचे कागद, साऱ्यावर मी तुह्या वाचण्यावर सह्या केल्या. एकबी सोता वाचला नाई. कायले वाचू? तू होता ना."

बडेबाबूंनी खिशातून कागद काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

मागून अनिलरावांनी हाक दिली, "काय वैनी, गाडी मांगं घेता का? घ्या ना! लाजाचं काय त्यात?"

"तुमच्या बैलाकडं पाह्या अनिलराव," यमुनाबाई खिडकीतून म्हणाली, "त्याले तुमची लाज वाटून राहिली." मग भावाला म्हणाली, "उतर."

बडेबाबू उतरले. बरोबरच होतं. पांढुर्ण्याला जाणारी बस किती वाजता, याचा ते विचार करू लागले. उद्या गोटमार, तरीही.

"तिकडं कुठी चालला? इकडून चढ!" यमुनाबाई डाव्या सीटवर सरकून बसली होती. "गिअर तुले माहीत हाये. मले नाई."

"मला येणार नाही यमे."

"पांढुर्ण्याहून कसा आणला?"

"भीत भीत."

"मंग तसाच ने."

बडेबाबू स्टिअरिंगवर बसले. समोर तोरण, मागं लिंबू, आणि आखराला किंचित चढ होता हे पाचव्यांदा लक्षात आलं. नॉबकडं पाहिलं. डावीकडं खाली लिहिलं होतं: दोन. रामाजीच्या हातचं, तापल्या खिळ्यानं डागलेलं, तीन पिढ्यांच्या मानाइतकं खरं दिसणारं. बडेबाबूंनी डोळे मिटले, लिहिलेलं नाकारलं आणि दांडा खाली ओढला.

ब्रेक सुटला. चांद्या बोटभर मागं आला. आखरावर "आँ" असा एक आवाज उठला. मग इंजिन गुरगुरलं, गोंडे हलले, घंट्या वाजल्या आणि चांद्या तोरणाखालून पुढं, सरळ पुढं गेला.

लिंबू पाटलांनी उचलून सगळ्यांना दाखवलं. टायरच्या नक्षीची एक रेघ उमटली होती, पण साल शाबूत होती. अनिलरावांनी रेघेवर बराच वाद घातला. पाटील म्हणाले, "नियम फुटण्याचा हाये, रेघेचा नाई." अनिलरावांनी ते लिंबू मागून घेतलं. पुढच्या वर्षी दाखवायला, म्हणाले. सध्या ते त्यांच्या देव्हाऱ्यात आहे म्हणतात.

तोरणानंतर मारुतीच्या देवळाला एक फेरी घालून घरी जायचं, ही रीत. बडेबाबूंनी एक घातली, पण थांबले नाहीत. थांबलं की पुन्हा निघावं लागतं. दुसरी घातली. तिसरी. मानाचा चांद्या फिरतोय म्हणून मागं चाळीस जोड्याही फिरत होत्या, ढोलवाल्यांची दमछाक झाली होती. पाचव्या फेरीला यमुनाबाईनं शांतपणे हात पुढं करून चावी बंद केली. बोरखेडीत आता मारुतीला पाचच फेऱ्या घालायच्या असं ठरलं आहे. का, ते पोरांना ठाऊक नाही. जुनी रीत आहे म्हणून आतापासूनच सांगतात.

घरी चांद्याला ओवाळलं, बॉनेटवर पुरणाची पोळी ठेवली. बैल हाकणाऱ्या गड्याला देतात तसा यमुनाबाईनं बडेबाबूंच्या हातावर नारळ आणि एक नोट ठेवली. निवृत्त बडेबाबूंनी ती मुकाट्यानं खिशात घातली. गडी म्हणून मिळालेला मान नाकारायची त्यांच्यात हिंमत नव्हती.

जेवण झाल्यावर तिनं तो कागद पुढं ठेवला. "तीन प्रती लागन म्हनते ना? लिव्ह. मी सांगतो."

बडेबाबूंनी पेन काढलं. तिनं सांगितलं, त्यांनी लिहिलं. मी वाहन स्वामिनी यमुनाबाई, गिअरबॉक्स बदलण्यास माझी सहमती आहे. मात्र माझे भाऊ मोरेश्वर खोडे यांनी या वाहनाला यापुढे हात लावू नये.

"लिव्हलं?"

"लिहिलं."

"आता मले वाचून दाखव. जे लिव्हलं तेच."

बडेबाबूंनी वाचलं. जे लिहिलं होतं तेच. यमुनाबाईनं पेन घेतलं, सहीच्या जागेवर टेकवलं आणि थांबली.

"अजून एक ओळ टाक. पोळ्याचा दिवस सोडून."

बडेबाबूंनी वर पाहिलं. तिनं पाहिलं नाही. मग त्यांनी ती ओळ तिन्ही प्रतींवर सुंदर अक्षरात लिहिली, तिनं तिन्हीवर सह्या केल्या, आणि चौथ्या दिवशी शिवानी मॅडमनं त्यावर आवक शिक्का मारला. म्हणजे आता ते लेखी आहे. बदलायचं तर अर्ज द्यावा लागेल.

पुढचा पोळा यायला तीनशे एकावन्न दिवस आहेत. बडेबाबूंना आतापासून झोप लागत नाही.